व्हर्च्युअल मशीनच्या गेस्टसाठी कर्नल कॉन्फिगर करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं ६४-बिट एक्स८६ लिनक्स गेस्ट (व्हीएमच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या, आत चालणारी सिस्टम) आणि क्यूईएमयू-केव्हीएम होस्ट (व्हीएम चालवणारं खरं मशीन) धरून दिली आहेत. बाकीचे हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) प्रश्न ९ मध्ये, एआरएम प्रश्न १६ मध्ये आणि फ्रीबीएसडी प्रश्न १७ मध्ये आहे. पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडायच्या मेन्यूत) स्लॅश दाबून नाव शोधलं की तो पर्याय कुठल्या मेन्यूत आहे आणि कशावर अवलंबून आहे, हे दोन्ही दिसतं.

१. डिस्ट्रोसोबत आलेला कर्नल गेस्टमध्ये नीट चालतो. मग स्वतः कॉन्फिगर करायची गरज काय?

बहुतेकांना गरज नसते. डेबियन, फेडोरा, उबुंटू यांच्या नेहमीच्या कर्नलमध्ये गेस्टला लागणारं सगळं असतं. डेबियनमध्ये तर क्लाउडसाठी छाटलेला वेगळा कर्नलही मिळतो. स्वतः बांधण्याची खरी कारणं मोजकी आहेत: इनिटरॅमएफएसशिवाय (रूट डिस्क उघडेपर्यंत लागणारे ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम असलेल्या छोट्या प्रतिमेशिवाय) क्षणात बूट होणारी छोटी व्हीएम हवी आहे, कर्नलमधले बदल तपासायचे आहेत, किंवा नको असलेला कोड मुळातच बाहेर ठेवायचा आहे. "कर्नल छाटला की गेस्ट वेगात चालेल" ही अपेक्षा मात्र सोडून द्या. न लागणारी मॉड्यूलं डिस्कवर पडून असतात, मेमरीत येतच नाहीत. वेग ठरतो तो घड्याळ, डिस्कचा बस आणि होस्टवरची गर्दी यांवर (प्रश्न १० आणि ११).

२. कॉन्फिगमध्ये केव्हीएम चालू केलं आहे, तरी गेस्ट केव्हीएम ओळखत नाही. असं का?

कारण चालू केलेला पर्याय होस्टचा आहे. "व्हर्च्युअलायझेशन" मेन्यूतलं केव्हीएम, केव्हीएम_इंटेल आणि केव्हीएम_एएमडी हे दुसऱ्या व्हीएम चालवण्यासाठी असतात. गेस्टला ते लागतात फक्त गेस्टच्या आत आणखी गेस्ट चालवायचा असेल तेव्हा. गेस्टचे पर्याय "प्रोसेसर टाइप अँड फीचर्स" खालच्या "लिनक्स गेस्ट सपोर्ट" मध्ये आहेत: आधी हायपरव्हायजर_गेस्ट, मग पॅराव्हर्ट (व्हीएममध्ये आहोत हे जाणून होस्टशी सहकार्य करण्याची सोय), मग केव्हीएम_गेस्ट.

खात्री करायची तर डीमेसगमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या लॉगमध्ये) "बूटिंग पॅराव्हर्च्युअलाइज्ड कर्नल ऑन" ही ओळ शोधा. शेवटी "केव्हीएम" असेल तर ठीक. "बेअर हार्डवेअर" असेल तर केव्हीएम_गेस्ट बंद आहे, आणि ओळच नसेल तर पॅराव्हर्टही बंद आहे. एलएससीपीयूच्या उत्तरावर विसंबू नका. तो प्रोग्रॅम थेट प्रोसेसरला विचारतो, त्यामुळे कर्नलमध्ये काहीही चालू नसलं तरी हायपरव्हायजरचं नाव छान दाखवतो.

केव्हीएम_गेस्टशिवायही गेस्ट बूट होतो. फक्त केव्हीएम-क्लॉक (होस्टच्या मदतीने चालणारं घड्याळ, प्रश्न १०), स्टील टाइमचा (होस्टने दुसऱ्यांना दिलेल्या सीपीयू वेळेचा) हिशेब आणि पॅराव्हर्च्युअल स्पिनलॉक (प्रश्न ११) मिळत नाहीत.

३. मेन्यूत हजारो पर्याय आहेत. सुरुवात कुठून करू?

रिकाम्या पाटीपासून नक्कीच नको. कर्नलच्या सोर्समध्ये क्रमाने हे चालवा:

मेक डेफकॉन्फिग
मेक केव्हीएम_गेस्ट.कॉन्फिग
मेक मेन्यूकॉन्फिग

जुन्या आवृत्त्यांमध्ये दुसऱ्या ओळीतल्या टार्गेटचं नाव केव्हीएमकॉन्फिग होतं. ही ओळ आधीच असलेल्या कॉन्फिगवर गेस्टचे पर्याय चढवते: पीसीआय, व्हर्टआयओचे (व्हीएमसाठीच बनवलेल्या आभासी डिव्हाइसांचे) डिस्क-नेटवर्क-कन्सोल ड्रायव्हर, सीरियल कन्सोल, ९पी फाइलसिस्टम, केव्हीएम_गेस्ट. बलून (मेमरी होस्टला परत देणारा, प्रश्न १२) आणि रँडम डेटाचा व्हर्टआयओ ड्रायव्हर मात्र स्वतः निवडावे लागतात. रूट विभाजन एक्सएफएस किंवा बीटीआरएफएस असेल तर तेही मेन्यूकॉन्फिगमध्ये तपासून घ्या. डेफकॉन्फिग ईएक्सटी४ धरून चालतो.

दुसरा रस्ता म्हणजे चालू गेस्टच्या आत मेक लोकलमॉडकॉन्फिग. त्या घडीला जी मॉड्यूलं लोड आहेत तेवढीच तो ठेवतो, आणि फसगत होते ती इथेच. क्लाउड-इनिटची (बूटच्या वेळी गेस्टची सेटिंग करणाऱ्या प्रोग्रॅमची) कॉन्फिग-ड्राइव्ह आयएसओ९६६० असते. ती बूटच्या वेळी वाचून झालेली असते आणि आयएसओएफएस लोड नसेल तर नव्या कर्नलमधून तो ड्रायव्हर गळतो. ईएफआय विभाजनासाठी लागणारं व्हीफॅट आणि त्याचे एनएलएस कोडपेज (फाइलनावांमधल्या अक्षरांचे तक्ते) यांचंही हेच. आदेश देण्याआधी आयएसओ, ईएफआय विभाजन, शेअर्ड फोल्डर असं सगळं माउंट करून ठेवा.

४. कुठला ड्रायव्हर बिल्ट-इन ठेवायचा आणि कुठला मॉड्यूल?

रूट फाइलसिस्टम माउंट होईपर्यंत जे जे लागतं ते बिल्ट-इन, बाकी काहीही मॉड्यूल. इनिटरॅमएफएस नसेल तर ही साखळी पूर्ण हवी: व्हर्टआयओ_पीसीआय, मग व्हर्टआयओ_बीएलके (किंवा एससीएसआय_व्हर्टआयओ), विभाजन तक्त्याचा प्रकार (जीपीटीसाठी ईएफआय_पार्टिशन), रूटची फाइलसिस्टम, आणि डेव्हटीएमपीएफएस_माउंट. एक कडी मॉड्यूल राहिली तरी बूट अडतं, कारण ते मॉड्यूल ज्या डिस्कवर आहे तीच अजून उघडलेली नसते.

व्हर्टआयओ-स्कझी वापरणाऱ्यांची नेहमीची चूक अशी की कंट्रोलरचा ड्रायव्हर बिल्ट-इन आणि बीएलके_डेव्ह_एसडी मॉड्यूल. लॉगमध्ये कंट्रोलर दिसतो, डिस्क दिसत नाही, आणि शोधणारा तासभर भलतीकडेच शोधत बसतो.

५. "व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)" येऊन कर्नल थांबतो. काय करू?

कंसातले आकडे आणि त्याच्या वरच्या ओळी वाचा. निम्मं निदान तिथेच होतं.

(०,०) म्हणजे कर्नलला रूट म्हणून सांगितलेलं डिव्हाइस सापडलेलंच नाही. वर उपलब्ध विभाजनांची यादी छापलेली असते. यादी रिकामी असेल तर डिस्कचा किंवा बसचा ड्रायव्हर नाही. प्रश्न ४ मधली साखळी तपासा. यादीत व्हीडीए१ दिसतं आणि तुम्ही एसडीए१ दिलं असेल, तर चूक फक्त नावाची आहे (प्रश्न ८). यादीत डिस्क आहे पण विभाजनं नाहीत, तर विभाजन तक्त्याचा पर्याय राहिला.

पहिला आकडा शून्य नसेल, उदाहरणार्थ (२५४,१), तर डिस्क सापडली आहे, तिच्यावरची फाइलसिस्टम कर्नलला वाचता येत नाही. (व्हर्टआयओ-ब्लॉकला मेजर क्रमांक बूटच्या वेळी मिळतो, त्यामुळे २५४ च्या जागी २५२ किंवा २५३ दिसलं तरी बिघडत नाही.)

तिसरी शक्यता: बूटच्या ओळीत रूट=यूयूआयडी असं दिलं आहे आणि इनिटरॅमएफएस नाही. फाइलसिस्टमचा यूयूआयडी कर्नल स्वतः वाचत नाही, ते काम इनिटरॅमएफएसमधले प्रोग्रॅम करतात. कर्नलला एकट्याने समजतो तो विभाजनाचा पार्टयूयूआयडी. बीएलकेआयडी आदेशाने तो काढा आणि तोच द्या.

आणि "मी पर्याय चालू केला होता" याची खात्री बांधणीनंतरच्या कॉन्फिग फाइलमध्ये करा. हाताने लिहिलेल्या ओळीचं अवलंबित्व पूर्ण होत नसेल तर मेक ओल्डडेफकॉन्फिग ती ओळ न कुरकुरता काढून टाकतो. पीसीआय बंद असताना व्हर्टआयओ_पीसीआय लिहून ठेवलं तर नेमकं हेच होतं.

६. प्रत्यक्ष मशीनची डिस्क व्हीएममध्ये आणली. कर्नल तोच, पण बूट ड्रॅकटच्या (इनिटरॅमएफएस बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) शेलमध्ये अडकतं. का?

कर्नलमध्ये ड्रायव्हर आहे, इनिटरॅमएफएसमध्ये नाही. फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात ड्रॅकट "होस्टओन्ली" पद्धतीने चालतो. जुन्या मशीनला लागणारे ड्रायव्हर तेवढे भरतो, आणि त्या मशीनला व्हर्टआयओ कधी लागलाच नव्हता. ग्रबच्या (बूटलोडरच्या) यादीतली "रेस्क्यू" नोंद निवडा. ती प्रतिमा होस्टओन्ली नसते, बहुधा सरळ बूट होते. मग ड्रॅकट --फोर्स --नो-होस्टओन्ली चालवा, किंवा --अॅड-ड्रायव्हर्स देऊन व्हर्टआयओ_बीएलके, व्हर्टआयओ_स्कझी, व्हर्टआयओ_पीसीआय भरा. रेस्क्यू नोंदीतून चालवताना ज्या कर्नलसाठी प्रतिमा हवी त्याची आवृत्ती आदेशात लिहा.

डेबियन-उबुंटूमध्ये इनिटरॅमएफएस-टूल्सच्या सेटिंगमध्ये मॉड्यूल्स=डेप असेल तरच ही अडचण येते. ते मोस्ट करा आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू चालवा. आत शिरायलाच जागा नसेल तर व्हीएमच्या सेटिंगमध्ये डिस्कचा बस तात्पुरता साटा करा, दुरुस्ती करा, मग व्हर्टआयओवर परत या.

७. बूट होतं की नाही तेच कळत नाही, पडदा काळा. आउटपुट कसं मिळवायचं?

सीरियल_८२५०_कन्सोल बिल्ट-इन करा आणि बूटच्या ओळीत कन्सोल=टीटीवायएस०,११५२०० लिहा. सीरियल_८२५० मॉड्यूल असेल तर कन्सोलचा पर्याय दिसतच नाही. कन्सोल= एकापेक्षा जास्त वेळा लिहिलं तर कर्नलचे संदेश सगळीकडे जातात, पण /डेव्ह/कन्सोल होतो तो शेवटचा. म्हणून टीटीवाय० आधी, टीटीवायएस० नंतर. उलटं लिहिलं की कर्नलचे संदेश सीरियलवर येतात आणि इनिट सुरू झाल्यावर शांतता पसरते.

व्हर्टआयओ-कन्सोलचं एचव्हीसी० वेगवान असतं, पण बूटमध्ये उशिरा जागं होतं. बिघाड शोधायला सीरियलच बरा.

८. बस बदलला आणि एसडीएचं व्हीडीए झालं. नाव स्थिर ठेवता येईल का?

नाव धरून बसू नका. व्हर्टआयओ-ब्लॉकवर व्हीडीए, व्हर्टआयओ-स्कझी आणि साटावर एसडीए, झेनवर एक्सव्हीडीए, एनव्हीएमईवर एनव्हीएमई०एन१ अशी नावं येणारच. एफस्टॅबमध्ये यूयूआयडी वापरा. बूटच्या ओळीत काय चालतं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

९. व्हीएमवेअर, हायपर-व्ही, झेन, व्हर्च्युअलबॉक्स आणि क्लाउडवर काय वेगळं लागतं?

व्हीएमवेअर: डिस्कसाठी व्हीएमवेअर_पीव्हीस्कझी, नेटवर्कसाठी व्हीएमएक्सनेट३. व्हीएम बनवताना कंट्रोलर "एलएसआय लॉजिक" निवडला असेल तर फ्यूजन_एसपीआय किंवा फ्यूजन_एसएएस लागतो. आधी व्हीएमचं सेटिंग बघा, मग कर्नलला हात लावा.

हायपर-व्ही: हायपरव्ही, हायपरव्ही_स्टोरेज, हायपरव्ही_नेट, हायपरव्ही_यूटिल्स, कीबोर्डसाठी हायपरव्ही_कीबोर्ड. जनरेशन २ मध्ये आयडीई नाही आणि जुना बायोसही नाही, त्यामुळे ईएफआय_स्टब आणि स्टोरेज दोन्ही बिल्ट-इन हवेत. एक आडवळण लक्षात ठेवा: एससीएसआय_एफसी_अॅट्रिब्यूट्स मॉड्यूल असेल तर हायपरव्ही_स्टोरेज बिल्ट-इन होऊच शकत नाही, मेन्यू फक्त मॉड्यूल देतो. फायबर चॅनलचा तो पर्याय पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद करा.

झेन: झेन, झेन_पीव्हीएचव्हीएम, झेनचे ब्लॉक आणि नेटवर्क फ्रंटएंड, एचव्हीसी_झेन. ३२-बिट पीव्ही गेस्ट म्हणून चालण्याची सोय कर्नल ५.९ मध्ये काढली गेली.

व्हर्च्युअलबॉक्स: व्हीबॉक्सगेस्ट ४.१६ पासून आणि शेअर्ड फोल्डरचा व्हीबॉक्सएसएफ ५.६ पासून मूळ कर्नलमध्ये आहे.

अॅमेझॉनच्या नायट्रो मशीनवर डिस्क एनव्हीएमई म्हणून दिसते आणि नेटवर्क ईएनए म्हणून. तिथे व्हर्टआयओचे ड्रायव्हर कितीही भरा, उपयोग शून्य. क्लाउड गेस्टवर स्वतःचा कर्नल चढवण्याआधी चालू गेस्टमध्ये एलएसपीसीआय -के चालवून प्रत्येक डिव्हाइसला कुठला ड्रायव्हर लागला आहे ते टिपून ठेवा. हायपर-व्हीवर बहुतेक डिव्हाइसं पीसीआयवर नसतात, तिथे एलएसमॉड बघावं लागतं.

१०. गेस्टचं घड्याळ मागे पडतं, शिवाय वेळ विचारणाऱ्या कॉल संथ आहेत. काय तपासू?

हे दोन वेगळे आजार आहेत.

संथपणासाठी /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स० मधली करंट_क्लॉकसोर्स फाइल वाचा. केव्हीएम-क्लॉक किंवा टीएससी (प्रोसेसरमधला वेळमोजक) असेल तर ठीक. एचपीईटी किंवा एसीपीआय_पीएम असेल तर वेळेच्या प्रत्येक वाचनाला गेस्ट थांबवून होस्टवरच्या क्यूईएमयूपर्यंत जावं लागतं. डेटाबेससारखं दर व्यवहाराला वेळ विचारणारं सॉफ्टवेअर इथे गुदमरतं. उपाय प्रश्न २ मधला: केव्हीएम_गेस्ट चालू करा. होस्टने इनव्हेरियंट टीएससी दाखवला तर कर्नल स्वतःहून केव्हीएम-क्लॉक मागे ठेवून टीएससी निवडतो. लिबव्हर्टमध्ये (होस्टवर व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) त्यासाठी सीपीयूला इनव्हटीएससी हे फीचर द्यावं लागतं, पण मग लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) सहसा अडतं. मायग्रेशन हवं असेल तर केव्हीएम-क्लॉकवर समाधान माना.

मागे पडणं बहुधा व्हीएम पॉज केल्यावर किंवा स्नॅपशॉटवरून उठवल्यावर दिसतं. पीटीपी_१५८८_क्लॉक_केव्हीएम चालू करा (कर्नल ४.११ पासून आहे) आणि क्रोनीच्या (घड्याळ जुळवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइलमध्ये रेफक्लॉक पीएचसी /डेव्ह/पीटीपी० पोल २ ही ओळ घाला. नेटवर्क कार्ड पासथ्रू (होस्टचं कार्ड थेट गेस्टला दिलेलं) असेल तर पीटीपी० दुसऱ्याचंही असू शकतं. /सिस/क्लास/पीटीपी/पीटीपी० मधल्या क्लॉक_नेममध्ये "केव्हीएम व्हर्च्युअल पीटीपी" दिसलं पाहिजे. एवढं करूनही घड्याळ एकदम जुळत नसेल तर मेकस्टेप १.० ३ ही ओळ बघा. त्यातला ३ म्हणजे क्रोनी सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांपुरतीच उडी. उठवलेल्या व्हीएममध्ये त्या केव्हाच संपलेल्या असतात. ३ च्या जागी -१ लिहा.

११. पॅराव्हर्ट_स्पिनलॉक्स आणि हॉल्टपोल चालू ठेवावेत का?

होस्टवर गेस्टचे व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) प्रत्यक्ष कोअरपेक्षा जास्त असतील तर स्पिनलॉक नक्की चालू. लॉक धरलेला व्हीसीपीयू होस्टने बाजूला काढला की बाकीचे त्याची वाट बघत नुसते गरगरत राहतात. पॅराव्हर्च्युअल लॉक त्यांना झोपवतो. व्हीसीपीयू कोअरला बांधलेले आणि कोअर त्यांच्यासाठीच राखलेले असतील तर याचा उपयोग नाही. बूटच्या ओळीत नोपीव्हीस्पिन देऊन फरक मोजा.

हॉल्टपोल (५.४ पासून) उलट्या परिस्थितीत कामाचा. व्हीसीपीयू रिकामा झाला की लगेच होस्टकडे न जाता गेस्ट स्वतः थोडा वेळ वाट बघतो, डीफॉल्ट २,००,००० नॅनोसेकंदांपर्यंत. राखीव कोअरवर प्रतिसाद सुधारतो. वाटून घेतलेल्या होस्टवर हे शेजाऱ्याचं सीपीयू जाळणं आहे.

टॉपमधला "एसटी" (स्टील टाइम) आकडा सतत वर असेल तर यातलं काहीच करू नका. होस्टवर गर्दी आहे आणि गेस्टच्या कर्नलमध्ये त्यावर औषध नाही.

१२. व्हीएमला ८ जीबी दिले, फ्री आदेश ४ च दाखवतो. मेमरी कुठे गेली?

बलूनमध्ये. लिबव्हर्टमध्ये कमाल मेमरी ८ आणि चालू मेमरी ४ असेल तर व्हर्टआयओ_बलून उरलेली पानं होस्टला परत देतो आणि गेस्टमधला एकूण आकडाच खाली येतो. ड्रायव्हर काढून टाकला तर ८ दिसतील, पण होस्टचा हिशेब चुकेल. मेमरी फक्त परत मिळवायची असेल तर फ्री पेज रिपोर्टिंग (५.७ पासून) जास्त बरं. त्यात गेस्टची रिकामी पानं होस्टला कळवली जातात, गेस्टला चिमटा बसत नाही.

१३. कर्नलमधून काय काय बिनधास्त काढता येईल?

वायफाय, ब्लूटूथ, साउंड, लॅपटॉपचे ड्रायव्हर, थर्मल, प्रत्यक्ष नेटवर्क कार्डं (पासथ्रू नसेल तर), पीसीएमसीआयए. सीपीयू_फ्रीक्वेन्सीचंही गेस्टमध्ये सहसा काही काम नसतं. एसीपीआय मात्र काढू नका (प्रश्न १४). एक्स२एपीआयसीही राहू द्या: २५५ पेक्षा जास्त व्हीसीपीयूंसाठी तो लागतोच.

१४. होस्टवरून व्हर्श शटडाउन दिलं, गेस्ट ढिम्म. का?

तो आदेश गेस्टचं पॉवर बटण दाबतो. बटण ऐकायला एसीपीआय_बटन हवं. पण सिस्टमडीचा लॉगिनडी ते /डेव्ह/इनपुटमधून वाचतो, म्हणून इनपुट_ईव्हीडेव्हही हवं. "सर्व्हरला कीबोर्ड-माउस कशाला" म्हणून इनपुट विभाग छाटला की हा दुवा तुटतो. हॉटप्लगचंही (चालू व्हीएमला डिव्हाइस जोडण्याचंही) असंच आहे: क्यू३५ मशीनवर क्यूईएमयूच्या आवृत्तीप्रमाणे हॉटप्लग_पीसीआय_पीसीआयई किंवा हॉटप्लग_पीसीआय_एसीपीआय, जुन्या आय४४०एफएक्सवर हॉटप्लग_पीसीआय_एसीपीआय. दोन्ही ठेवणं सोपं.

१५. गेस्टमध्ये नवा कर्नल बसवला, रीबूट केलं, तरी यूनेम -आर जुनाच दाखवतो. कुठे चुकलं?

व्हीएमच्या व्याख्येत होस्टवरचा कर्नल थेट दिलेला आहे का बघा (क्यूईएमयूमध्ये -कर्नल, लिबव्हर्टमध्ये ओएस विभागातला कर्नल टॅग). तसं असेल तर गेस्टचा ग्रब वाचलाच जात नाही. नवी फाइल होस्टवर ठेवा, आणि तिची मॉड्यूलं गेस्टच्या /लिब/मॉड्यूल्समध्ये. आवृत्ती जुळली नाही तर एकही मॉड्यूल लोड होणार नाही.

१६. एआरएम६४ गेस्टला केव्हीएम_गेस्ट पर्याय सापडत नाही.

तिथे तो नाहीच. डेफकॉन्फिग जवळपास पुरेसा असतो. कन्सोल टीटीवायएएमए० असतो, त्यासाठी सीरियल_अँबा_पीएल०११_कन्सोल. क्यूईएमयूच्या "व्हर्ट" मशीनवर एसीपीआयऐवजी डिव्हाइस ट्रीने बूट करत असाल तर पॉवर बटण जीपीआयओवर येतं: जीपीआयओ_पीएल०६१ आणि कीबोर्ड_जीपीआयओ लागतात.

१७. फ्रीबीएसडी गेस्टसाठी वेगळा कर्नल बांधावा का?

नको. जेनेरिक कर्नलमध्ये व्हर्टआयओ आहे, आणि व्हीएममध्ये आहोत हे ओळखून तो टिकचा वेग आपणच १०० हर्ट्झवर आणतो. बस बदलताना डिस्क व्हीटीबीडी० होते, म्हणून एफस्टॅबमध्ये जीपीटी लेबल वापरा.

१८. होस्ट सुरक्षित आहे. मग गेस्टमध्ये मिटिगेशन्स=ऑफ (प्रोसेसरमधल्या त्रुटींवरचे बचाव बंद) चालेल?

होस्ट स्वतःला गेस्टपासून वाचवतो. गेस्टच्या आतल्या एका प्रोसेसला दुसऱ्यापासून तो वाचवत नाही. गेस्टमध्ये फक्त तुमचाच, विश्वासाचा कोड चालत असेल तर चालेल. ब्राउझर किंवा परक्यांचा कोड चालत असेल तर नको. /सिस/डिव्हाइसेस/सिस्टम/सीपीयू/व्हल्नरॅबिलिटीज मधल्या एमडीएस फाइलमध्ये "एसएमटी होस्ट स्टेट अननोन" दिसलं तर घाबरू नका, ती गेस्टच्या कॉन्फिगमधली चूक नाही. कोअरचा जुळा धागा कोण वापरतोय हे गेस्टला कळण्याचा मार्गच नाही.

१९. एकाच स्नॅपशॉटवरून दहा गेस्ट उठवले. सगळ्यांचे रँडम आकडे सारखेच येतील का?

येऊ शकतात, कारण कर्नलच्या रँडम साठ्याची स्थितीही स्नॅपशॉटसोबत नकलते. व्हीएमजेनआयडी ड्रायव्हर (५.१८ पासून) चालू करा आणि होस्टवर व्हीएमला ते डिव्हाइस जोडा. ओळखक्रमांक बदलला की कर्नल साठा नव्याने भरतो. जोडीला एचडब्ल्यू_रँडम_व्हर्टआयओ असू द्या. स्नॅपशॉटआधी तयार झालेल्या एसएसएच होस्ट की आणि मशीन-आयडी मात्र सारख्याच राहतात. त्या प्रत्येक गेस्टमध्ये नव्याने बनवाव्या लागतात.

२०. एसईव्ही-एसएनपी किंवा टीडीएक्स (मेमरी होस्टपासूनही एन्क्रिप्टेड ठेवणाऱ्या) गेस्टसाठी काय लागतं?

एएमडीवर एएमडी_मेम_एन्क्रिप्ट आणि एसईव्ही_गेस्ट, इंटेलवर इंटेल_टीडीएक्स_गेस्ट. एसईव्ही_गेस्ट आणि टीडीएक्स हे दोन्ही कर्नल ५.१९ मध्ये आले. टीडीएक्सचा पर्याय दिसत नसेल तर एक्स२एपीआयसी बंद आहे का बघा. व्हर्टआयओ डिव्हाइस होस्टवर आयओएमएमयू_प्लॅटफॉर्म=ऑन देऊन जोडावी लागतात. गेस्टची मेमरी एन्क्रिप्टेड असल्याने सगळा डेटा एसडब्ल्यूआयओटीएलबीच्या मधल्या बफरमधून जातो. डिस्क-नेटवर्क थोडं मंदावतं ते त्यामुळे. जास्त भारात लॉगमध्ये "एसडब्ल्यूआयओटीएलबी बफर इज फुल" दिसू लागलं तर बूटच्या ओळीत एसडब्ल्यूआयओटीएलबी= देऊन तो बफर वाढवा. आकडा बाइटमध्ये नसून २ केबीच्या तुकड्यांमध्ये मोजतात, म्हणजे ५१२ एमबीसाठी २६२१४४.